क्लेम अडकलाय, मदत कोणाची घेऊ? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मेडिक्लेमचा फॉर्म कसा भरायचा त्यावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, की कोणीतरी म्हणतंय मी क्लेम काढून देतो, मला एवढे टक्के द्या, तर द्यायचे का. मी बावीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढलीत, आधी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेकडे, आणि मग एका ब्रोकरकडे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. म्हणून या वेळी पूर्ण सदर यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे. ऑगस्ट २०२५ मध्ये रात्री छातीत दुखायला लागलं, ॲडमिट केलं, दोन स्टेंट टाकले, बिल ३ लाख ४० हजार झालं. पॉलिसी २०१८ पासून आहे, एकही वर्ष खंड नाही. आधी ३ लाखांची होती, २०२२ ला ५ लाखांची केली. कंपनीने क्लेम रिजेक्ट केला, कारण काय तर वडिलांना १० वर्षांपासून बीपी आहे आणि ते फॉर्मात लिहिलं नाही. आता एक क्लेम कन्सल्टंट म्हणतोय लोकपालाकडे केस टाकून पैसे मिळवून देतो, ४ हजार आधी आणि जे मिळेल त्याचे १५ टक्के. देऊ का? (नाशिक)

आत्ता देऊ नका. पूर्ण क्लेम मिळाला तर ते १५ टक्के म्हणजे ५१ हजार होतात, वर ते आधीचे ४ हजार, आणि ज्या कामासाठी हे द्यायचे ते काम तुम्ही घरी बसून करू शकता. कसं ते सांगते.

सगळ्यात आधी पॉलिसीचं वय बघा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर कंपनीला 'तुम्ही आजार लपवला' एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, नाकारायचाच असेल तर फसवणूक झाली हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. याला मोरेटोरियम म्हणतात. आधी हा काळ ८ वर्षांचा होता, इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये तो ५ वर्षांवर आणला. तुमची पॉलिसी २०१८ ची, म्हणजे ५ वर्षं कधीच उलटून गेली. फक्त एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे संरक्षण रकमेप्रमाणे मोजतात. मूळचे जे ३ लाख आहेत त्यांना मिळतं, २०२२ ला जे २ लाख वाढवले त्यांची ५ वर्षं अजून व्हायचीयत. म्हणजे तुमच्या ३ लाख ४० हजारातले ३ लाख मोरेटोरियमच्या जोरावर मागायचे आणि वरच्या ४० हजारांसाठी बीपीच्या मुद्द्यावर वेगळं भांडायचं. हे दोन मुद्दे पत्रात वेगवेगळे लिहा, एकात मिसळले की कंपनी फक्त बीपीवर उत्तर देते आणि पहिला मुद्दा तसाच राहून जातो.

आता ते १० वर्षं आलं कुठून हे शोधा. मी अशा फायली इतक्या बघितल्यात की जवळजवळ पाठ झालंय. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत रेसिडेंट डॉक्टर विचारतो, आजोबांना बीपी वगैरे काही? मुलगा घाबरलेला असतो, वडिलांकडे बघू का फॉर्मकडे हे त्याला कळत नसतं, तो म्हणतो हो असेल, आठ-दहा वर्षं झाली असतील. डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितो, के/सी/ओ एचटीएन, टेन इयर्स, म्हणजे दहा वर्षांपासून बीपीचा पेशंट. तीच ओळ डिस्चार्ज समरीत उतरते आणि क्लेम त्या एका ओळीवर बसतो. त्याला आधार म्हणून ना जुनं प्रिस्क्रिप्शन असतं ना कुठला रिपोर्ट.

तुमच्याकडे असंच झालं असेल तर हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन पूर्ण इनडोअर केसपेपर मागा. नुसती समरी घेऊ नका, नर्सिंग चार्ट आणि ॲडमिशन नोटसकट सगळं मागा. पेशंटने लेखी मागितलं की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, काउंटरवरचा माणूस नंतर या म्हणाला तर हे त्याला शांतपणे सांगा आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घ्या. मग ज्या फॅमिली डॉक्टरकडे वडील जातात त्यांच्याकडून बीपीची गोळी पहिल्यांदा कधी सुरू केली ते तारखेसकट लिहून घ्या. गोळी २०२० ला सुरू झाली असेल तर २०१८ च्या फॉर्मात काही लपवलंच नव्हतं, पण २०२२ ला रक्कम वाढवताना परत फॉर्म भरला होता का आणि त्यात बीपीबद्दल काय लिहिलं होतं तेही बघा, कारण ४० हजारांचं भांडण त्याच फॉर्मावर ठरेल. आणि खरंच २०१५ पासून गोळी चालू असेल तर तसंच सांगा, डॉक्टरकडून खोटी तारीख लिहून आणू नका. मेडिकल दुकानाच्या बिलांवरून ते उघड होतं, आणि मग ज्या ३ लाखांवर तुमचा पक्का हक्क आहे तेही फसवणुकीच्या नावाखाली हातचे जातात. हे मी होताना बघितलंय, फार वाईट वाटतं, कारण माणूस मूळचा खरा असतो.

एवढे कागद झाले की पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेलवर. त्यात विचारा की पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारलं आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीने हा निर्णय तपासला होता का, कारण २०२४ पासून त्या कमिटीच्या मंजुरीशिवाय हेल्थ क्लेम नाकारता येत नाही. इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाका, टाइप करणं जमत नसेल तर १५५२५५ वर फोन करून नोंदवता येते. उत्तर आलं आणि पटलं नाही, किंवा एक महिना उलटला आणि उत्तरच नाही, की विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं. कंपनीने अंतिम नकार दिला त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, हे विसरू नका.

लोकपालाकडे फी नाही. आणि तुमच्या कन्सल्टंटने बहुतेक हे सांगितलं नसेल, तिथे वकील, एजंट, कन्सल्टंट कोणालाही तुमच्या वतीने उभं राहता येत नाही. बोलायचं तुम्हालाच. म्हणजे ५५ हजार देऊनही सुनावणीला वडीलच बसणार आणि तो बाहेर. वडिलांना तब्येतीमुळे जमणार नसेल तर आधीच कार्यालयाला लिहून मुलाने बोलायची परवानगी मागा.

सुनावणीची भीती वाटते लोकांना, म्हणून सांगते. एक टेबल असतं, हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ कॉलच असतो, समोर लोकपाल, एका बाजूला कंपनीचा ऑफिसर फाईल घेऊन. विचारतात काय झालं ते सांगा. मराठीत सांगितलं तरी चालतं. पाच-दहा मिनिटांत होतं. पुण्याच्या सुनावणीत मी एका आजींना बघितलं, त्यांनी पिशवीतून नवऱ्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली, प्रत्येकावर दुकानाच्या बिलाची चिठ्ठी रबरबँडने बांधलेली, आणि म्हणाल्या ही पहिली पट्टी, याच्या आधी एकही गोळी घरात नव्हती. कंपनीच्या माणसाकडे त्यावर बोलायला काही नव्हतं.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला ३० दिवसांत पाळावाच लागतो, नाहीतर रोजचे ५ हजार रुपये तुम्हाला द्यावे लागतात. विरोधात गेला तर तुमच्यावर तो बंधनकारक नाही, ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो.

प्रश्न : आईचं ऑपरेशन झालं, चार दिवस ॲडमिट होती. ५ लाखांची पॉलिसी, कॅशलेस मंजूर झालं पण शेवटी ८० हजार आम्हाला भरायला लावले. हॉस्पिटल म्हणतं टीपीएने कापले, टीपीए म्हणतं पॉलिसी वाचा. हे तपासायला कोणाला पैसे देऊन बघू का? (पुणे)

पैसे नका देऊ, कॅल्क्युलेटर घ्या. तुम्ही बिल पाठवलंत म्हणून करून दाखवते. तुमच्या पॉलिसीत रूमची मर्यादा विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. रूम घेतली ८ हजारांची. चार दिवसांचा फरक १२ हजार, तो गेला. पण तेवढ्यावर थांबत नाही, रूम महाग घेतली की सर्जन, ओटी, नर्सिंग, व्हिजिट हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ८ ला ५, असे कापतात. तुमचे हे खर्च १ लाख २० हजार, त्यातले ७५ हजार दिले आणि ४५ हजार कापले. ग्लोव्ह्ज वगैरे ५ हजार. इथपर्यंत ६२ हजार झाले आणि ते पॉलिसीप्रमाणेच आहेत, त्यासाठी भांडू नका.

उरलेले १८ हजार मात्र चुकीचे कापलेत. औषधं आणि तपासण्यांच्या ४८ हजारांनाही तीच कात्री लावलीय. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही असा इर्डाचा नियम आहे, आयसीयूलाही नाही. तेवढं लिहून टीपीएला आणि कंपनीला ईमेल करा, हिशोब जोडा. आणि हॉस्पिटलला एक विचारून घ्या, सर्जनची फी रूमप्रमाणे बदलते का. सगळ्या रूमना एकच दर असेल तर ते ४५ हजारही कापायला नको होते. हॉस्पिटलकडून तसं लेखी मिळालं तर ईमेलमध्ये तेही जोडा.

पुढच्या वेळी ॲडमिट करतानाच इन्शुरन्स डेस्कला विचारा माझ्या पॉलिसीत कितीची रूम बसते, त्या घाईत हे सुचत नाही हे मला माहितीये, म्हणून कार्डच्या मागे आत्ताच लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या भावाला शेतात साप चावला, दवाखान्यात नेला पण वाचला नाही. वय ३८. वहिनी आणि दोन लेकरं आहेत. तालुक्याला एक जण म्हणतोय शेतकऱ्याचा विमा काढून देतो, २० हजार लागतील साहेबांना द्यायला. वहिनीजवळ आत्ता दोन हजार पण नाहीत. काय करू ताई? (बीड जिल्हा)

दादा, त्याला एक रुपया देऊ नका, आणि उद्याच तालुका कृषी अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा. तो ज्याला शेतकऱ्याचा विमा म्हणतोय ती आता विमा योजना राहिलेलीच नाही. २०२३ पासून ती गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मध्ये विमा कंपनी नाही, दलाल नाही, पैसे सरकार देतं. मृत्यू झाला तर २ लाख. साप चावणं त्यात बसतं, वीज पडणं बसतं. खातेदार शेतकरी किंवा सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला एक जण, वय १० ते ७५. अर्जाला फी नाही. सातबारा, वारसाची नोंद म्हणजे गाव नमुना ६ क, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात. अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. दिवस उलटले असतील तरी का उशीर झाला ते लिहून अर्ज द्याच आणि पोच घ्या, घरात दुःख आहे, कोणाला सुचतं का लगेच, पण न देता बसू नका.

दुसरं, आणि हे त्या माणसाने सांगितलंच नसणार, भावाचं बँकेचं पासबुक घेऊन शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी भरून आणा आणि बोट फिरवत बघा. मे-जूनच्या आसपास २० रुपये कापलेत का? ती प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. सर्पदंशात दवाखान्याचा त्याच वेळचा कागद लागतो, तो तुमच्याकडे आहे, लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ जपा. ४३६ रुपये कापलेत का? ती जीवन ज्योती, मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख. बँकेच्या या दोन्ही योजना एकमेकांच्या आड येत नाहीत. क्लेमचा फॉर्म त्याच बँकेच्या शाखेत मिळतो आणि तिथेच द्यायचा. बऱ्याच घरांत माणूस गेल्यावर खातं बंद करून टाकतात आणि ती २० रुपयांची ओळ कोणी बघतच नाही. खातं आत्ता बंद करू नका.

बँकेने टोलवलं किंवा कागद अडला तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलेला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वहिनींना घेऊन जा.

प्रश्न : माझे मिस्टर गेले. १ कोटीची टर्म पॉलिसी होती, १४ महिनेच झाले होते. कंपनी म्हणते धूम्रपान लपवलं. नात्यातले म्हणतात लोकपालाकडे जा, फुकट आहे. एक वकील म्हणतात २० टक्के द्या. मला काही कळत नाहीये. (सांगली)

ताई, तुमच्या बाबतीत माझं उत्तर नाशिकच्या वाचकांपेक्षा वेगळं आहे. तुम्हाला वकील लागेल.

लोकपालाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, १ कोटीचा वाद तिथे बसत नाही. तिथे दोन-चार महिने घालवाल आणि परत पहिल्यापासून सुरू. आयुर्विम्यात पॉलिसीला ३ वर्षं पूर्ण झाली की विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनी ती उकरू शकत नाही, पण तुमची १४ महिन्यांची, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारायचा अधिकार आहे. मात्र आरोप त्यांचा आहे तर पुरावाही त्यांनीच द्यायचा. मिस्टर सिगारेट ओढायचे हे फॉर्म भरायच्या आधीचं आहे का नंतरचं, कोणी सांगितलं, शेजाऱ्याच्या जबाबावर आहे का डॉक्टरच्या नोंदीवर, यावर उलटतपासणी करावी लागते आणि ती अनुभवी माणसाने करावी.

जायचं जिल्हा ग्राहक आयोगात. रक्कम १ कोटीची म्हणून राज्य आयोगात जावं लागेल असं कोणी म्हणालं तर तसं नाहीये. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही भरलेला हप्ता बघतात, विम्याची रक्कम नाही, आणि ५ लाखांपर्यंत हप्ता भरलेला असेल तर तक्रारीला फी पण नाही. नकाराच्या पत्रापासून २ वर्षांत दाखल करा.

आणि ते २० टक्के. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. असा प्रस्ताव देणाऱ्याकडे जाऊच नका, मला तरी नियम मोडून सुरुवात करणाऱ्या माणसावर १ कोटीची फाईल सोपवावीशी वाटणार नाही. ठरावीक फी सांगणारा वकील शोधा, तक्रार लिहायचे किती, तारखेचे किती, अपिलाचे किती, हे आधी कागदावर. परवडत नसेल तर वर बीडच्या पत्रात लिहिलं तेच, विधी सेवा प्राधिकरण. मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत या दोन्ही संस्था १९७० च्या दशकापासून ग्राहकांसाठी काम करतायत, वकील ठरवायच्या आधी तिथल्या कार्यकर्त्यांशी एकदा बोलून बघा.

वकिलाकडे जाताना प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मची प्रत न्या, पॉलिसीच्या किटमध्ये असते, नसेल तर कंपनीकडे ईमेल करून मागा. फॉर्म कोणी भरला, ऑनलाइन भरला का एजंटने फोनवर विचारून टिक केलं, मेडिकल झालं होतं का आणि त्यात निकोटिनची टेस्ट होती का, हे तुम्हाला आठवेल तसं आजच वहीत लिहून काढा. सहा महिन्यांनी नाही आठवणार.

प्रश्न : एजंटला क्लेमचं काम सांगितलं तर तो ३ हजार मागतोय. द्यायचे असतात का? (कल्याण)

नाही. दरवर्षीच्या हप्त्यात त्याचं कमिशन आहे. ब्रोकरकडून घेतली असेल तर क्लेमला मदत करणं हे त्याचं कामच आहे. एजंट ऐकत नसेल तर कंपनीच्या शाखेत थेट जा.

प्रश्न : मी ऑलरेडी एका क्लेम कन्सल्टंटला ६ हजार भरलेत आणि कोऱ्या कागदावर दोन सह्या पण दिल्यात. तीन महिने झाले, फोन उचलत नाही. आता? (ठाणे)

घाबरू नका, पण आजच चार कामं करा. त्याने तुमच्या नावाने नवा ईमेल आयडी काढला असेल तर कंपनीकडे पत्र देऊन तुमचा स्वतःचा ईमेल आणि मोबाईल नोंदवून घ्या, कंपनीचं उत्तर दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं आणि तुमची वर्षाची मुदत तिकडे संपत जाते, हा सगळ्यात मोठा धोका आहे. कंपनीला, बीमा भरोसाला आणि लोकपालाच्या कार्यालयाला विचारा की माझ्या नावाने काही तक्रार आलीय का, आली असेल तर तिची प्रत घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा. रद्द केलेला चेक किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेत सांगून ठेवा.

मग कन्सल्टंटला एक पत्र, की अमुक तारखेला दिलेलं अधिकारपत्र आणि कोऱ्या कागदावरच्या सह्या मी रद्द करतोय, माझ्या वतीने कुठेही अर्ज करू नये, मूळ कागद सात दिवसांत परत द्यावेत. त्याची एक प्रत विमा कंपनीला. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, पण आधी क्लेमच्या मुदतीचं बघा, ६ हजारांच्या मागे लागून क्लेम हातचा घालवू नका.

नकाराच्या पत्राची तारीख तुम्ही कळवली नाहीत, ती आधी शोधा आणि वर्षाला किती दिवस उरलेत ते मोजा. महिना-दीड महिनाच उरला असेल तर मला सदराच्या पत्त्यावर कागदांच्या झेरॉक्स पाठवा, पत्रावर 'मुदत' असं मोठ्या अक्षरात लिहा, पुढच्या अंकापर्यंत थांबवत नाही, आधी उत्तर देते.